पाणचक्कीपुढचे सहा किलोमीटर

३ ऑक्टोबर

सायकलमार्ग मंजूर! रस्ते खात्याच्या अभियंता बाईंनी सकाळी फोनवर दुजोरा दिला. नदीकाठाने बत्तीस किलोमीटर — टेहळणीचा मनोरा, पाणचक्की, कमानींचा जुना पूल, शेवटी किल्ल्याची वेस. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी मी आमच्या दैनिकाच्या पुरवणीत लिहिला तोच. पाट्यांवरचा मजकूरही माझ्याच लेखातला. रविवारी, १६ तारखेला उद्घाटनाची फेरी. ऐंशी जणांनी नावं दिली आहेत.

पुरवणीचा संपादक — त्याला आम्ही घाईकर म्हणतो — टेबलावर थाप मारून गेला. "आता तुमचा पुतळाच तेवढा बसवायचा राहिला!"

हसलो. दुपारी जेवण गेलं नाही.

४ ऑक्टोबर

इथे लिहायला हरकत नाही. पाणचक्कीच्या पुढे मी कधी गेलोच नाही.

त्या दिवशी चक्कीपाशी मागचं चाक पंक्चर झालं. पुरवणीचं पान चारला छपाईला सुटणार होतं. चक्कीच्या रखवालदाराला विचारलं, पुढचा रस्ता कसा? "झकास! पायडल मारायचीसुद्धा गरज नाही." एका टेम्पोत सायकल टाकून परतलो आणि लिहून दिलं — 'पुढे पुलापर्यंत सौम्य उतार. हात सैल सोडा आणि नदी बघत जा.' पूल आणि वेस फोटोंवरून रंगवली.

साधी चोरीची बातमी दोघांना विचारल्याशिवाय न देणारा मी! लेख लोकांना आवडला. त्याची पुस्तिका निघाली, दोनदा छापली. दर वेळी वाटायचं, पुढच्या आठवड्यात जाऊन येऊ.

७ ऑक्टोबर

रजा टाकली. बायको म्हणाली, "अहो, मीही येते. बघू तरी एवढं कौतुक कशाचं ते." तिला काही सांगितलं नव्हतं.

मनोऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना गवत, मधेच बगळे. पाणचक्कीचं चाक बंद आहे, पाणी मात्र अजून त्याच्याखालून वाहतं. तिथे बिस्किटं खाल्ली. मग ते सहा किलोमीटर. पहिले चार खरंच सौम्य — मनात म्हटलं, सुटलो! तेवढ्यात झाडी दाट झाली, उतार एकदम धावायला लागला. उजवीकडे वळण, आणि वळणातच पूल. रस्त्याच्या निम्म्या रुंदीचा. कठडा गुडघ्याएवढा, एका बाजूला ढासळलेला, खाली शेवाळलेले दगड. दोन्ही ब्रेक आवळले. मागचं चाक घसरलं, पुढचं कठड्याला धडकून थांबलं.

बायको मागून सायकल हातात धरून चालत आली. "हात सैल सोडायचे होते ना?" हसत नव्हती.

पुलावर बसून सगळं सांगितलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली. मग म्हणाली, "ऐंशी माणसं आहेत हो."

८ ऑक्टोबर

घाईकर — "पाटी गुपचूप बदलून टाकू. 'सावकाश' लिहू. इतक्या वर्षांत कोणाची तक्रार आली का?"

"नाही."

"मग झालं तर!"

तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक — असं दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी त्याला सोडलं असतं?

अभियंता बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग — "आम्ही तुमच्या शब्दावर विसंबलो होतो." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ ऑक्टोबर

खुलासा लिहिला. शंभर शब्द, चार तास! आधी 'अनवधानाने' असं लिहिलं. खोडलं. अनवधान कसलं? मग 'प्रस्तुत लेखक त्या भागात गेलेला नव्हता.' तेही खोडून 'मी गेलो नव्हतो' केलं.

घाईकरने वाचलं. चष्मा काढून पुसला. "पहिल्या पानावर घेऊ," म्हणाला.

१२ ऑक्टोबर

छापून आलं. रविवारची फेरी आता पाणचक्कीपर्यंतच. पुलाच्या अलीकडे आडवं फाटक बसणार — अभियंता बाईंनी कळवलं. सात फोन. एका वाचकाने फक्त खुलाशातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली. बायकोने आग्रहाने वाढलं आणि मी जेवलो. हलकं वाटतंय.

१३ ऑक्टोबर

दुपारी एका बाईंचा फोन. त्यांचे यजमान सहा वर्षांपूर्वी त्याच वळणावरून पुलाखाली पडले. डावा पाय तेव्हापासून वाकत नाही. "सौम्य उतारावर माणूस पडतो कसा, म्हणून घरात सगळे त्यांनाच बोललो. मीसुद्धा. आता तेही तेच म्हणतात — माझंच लक्ष नव्हतं." कालचा अंक त्यांनी यजमानांना अजून दाखवलेला नाही. "छापलेलं नको. तुम्ही येऊन सांगा."

पत्ता लिहून घेतला. बायको सोबत येते म्हणाली, नको म्हटलं. उद्या सकाळी दहाला.