कप्तानाच्या खोलीतली दुसरी तसबीर

मंगळवार, दिवेलागणीनंतर. रत्नागिरी.

माझ्या बहिणीला, मंजूला पाहायला दाभोळची मंडळी येऊन गेली. आई म्हणते, उद्याच होकार कळवू. मला मात्र मुलाच्या वडिलांची एक गोष्ट डाचते आहे.

हे वडील, म्हणजे तात्या, पूर्वी मुंबईच्या गोदीत रंगारी होते. चेकोस्लोव्हाकियाच्या एका बोटीवर कप्तानाची खोली रंगवायची म्हणून त्यांनी भिंतीवरची राष्ट्राध्यक्षांची तसबीर उतरवली. मागचा पुठ्ठा निसटला आणि आतून दुसरी तसबीर निघाली. दाढीवाला, चष्मेवाला म्हातारा, त्या देशाचा पहिला अध्यक्ष. नंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीला तो नको होता. कप्तान घाबरून म्हणाला, "पुढचा सरकारचा, मागचा आमचा."

दहावी नापास असलो तरी नकाशा वाचता येतो. मी म्हटलं, "तात्या, त्या देशाला समुद्रच नाही."

"नकाशात समुद्र नाय म्हणून बोट नाय? अरे, गंज खरवडलाय मी तिचा!"

सगळे हसले. मी पुन्हा विचारलं, तसबिरीचं तेव्हा कोणाला सांगितलंत?

"कोणाला सांगणार? बिचाऱ्याची नोकरी गेली असती. तिथलं राज्य बदलेपर्यंत हिलासुद्धा नाय सांगितलं."

ते गेल्यावर आई म्हणाली, "बघ, किती विश्वासाचा माणूस!"

मोबाइलवर तीनदा तपासलं. त्या देशाच्या बोटी होत्या. दाढीवाला अध्यक्षही होता. ती मागची तसबीरही खरीच असणार.

म्हणजे तात्या खोटं बोलत नाहीत. पण इतकी वर्षं बायकोलाही पत्ता लागू न देणारा माणूस मुलाबद्दलचं काय काय पोटात ठेवू शकेल? आईला म्हटलं, होकार थांबव. उद्या मी एकटाच दाभोळला जातो.