बुटांसकट पंचवीस मीटर

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.१०.
पलंगावर पालथा पडून, बूट घालून, पाय हलवत होतो. बुटांची टोके फळीवर आपटत होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकले. आधी वाटले, ठेका धरला आहे. मग त्या वर आल्या. ठेका धरला नव्हता.

आजपासून ही वही. कुणाला दाखवायची नाही.

कारण असे. फेरीबोटीवर कायम खलाशाची एक जागा निघाली आहे. मी तिथेच तीन वर्षे रोजंदारीवर तिकिटे फाडतो. कायम झाले की तिकीट-ऑफिसच्या वरची खोली राहायला मिळते. मला पगारापेक्षा ती खोली हवी आहे. ताईला एप्रिलमध्ये बाळ होणार, आणि तिच्या घरात मी ज्या खोलीत राहतो ती बाळाची आहे. दाजी काल म्हणाले, मेहुणेबुवा, घाई काहीच नाही, पण पाळणा तुमच्या डोक्यावर टांगता येणार नाही. दाजी हे हसत म्हणाले. ते हसले की मी माझी बॅग आवरायला घेतो.

परीक्षा २८ तारखेला. पूर्ण गणवेशात, बुटांसकट, पंचवीस मीटर पोहणे. बोर्डावरच्या नोटिशीत ‘परीक्षा’ ऱ्हस्व लिहिली होती. मी पेनने दीर्घ केली. तेवढ्यात मागून साहेब आले, म्हणून खालच्या ओळी वाचायच्या राहिल्या.

अर्जात ‘पोहता येते का?’ यापुढे ‘होय’ लिहिले. यात खोटे काही नाही. ‘येईल’ असा रकानाच नव्हता.

मंगळवार, ४ मार्च. रात्री.
खूप विचार केला. बाकीचे उमेदवार लहानपणी अनवाणी पोहायला शिकले. आता त्यांना ते विसरून बुटांत शिकावे लागणार. म्हणजे दुप्पट काम. मला काहीच येत नसल्यामुळे काहीच विसरायचे नाही. मी सुरुवातच बुटांत करणार. ही गोष्ट अजून कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. बोलायचे नाही.

गुरुवार, ६ मार्च.
तरणतलावावर गेलो. मॅनेजरने बूट पाहून विचारले, कुठे निघालात? म्हटले, पाण्यात. त्यांनी पाटी दाखवली: बाहेरची पादत्राणे आत आणू नयेत. मी नम्रपणे पावती दाखवली. बूट रविवारी घेतले, घरातच घातले, पलंगावरून खाली उतरलेले नाहीत. मॅनेजरने पावती उलटसुलट करून पाहिली. मग साफसफाईचे जादा पैसे घेतले.

पोहण्याच्या मास्तरांची शिट्टी तोंडातच राहिली. म्हणाले, अरे बाबा, आधी पोहायला शीक, मग बूट घाल. मी म्हटले, मास्तर, इथेच तर सगळ्यांची चूक होते. मास्तर म्हणाले, बरं.

मला ज्येष्ठ महिलांच्या वर्गात टाकले आहे. उथळ बाजूला, अकरा वाजता. बाकीच्या वेळच्या लोकांनी हरकत घेतली म्हणे.

रविवार, ९ मार्च.
तीन दिवस पाण्यात. दोष नाडीचा आहे. ओली झाली की फुगते, आणि तिचा सगळा भार माणसावर येतो. मी तर जातोच, पण बूट माझ्या आधी जातात.

लाल टोपीवाल्या आजी म्हणाल्या, बाळा, पाणी प्यायचं असेल तर बाहेर नळ आहे. सगळ्या हसल्या. मीही हसलो. हसताना आणखी थोडे गेले.

निश्चय: एकदम बूट नकोत. आधी स्लिपर, मग कॅनव्हास, मग गमबूट, शेवटी बूट. पायरी-पायरीने. गमबूट आणि स्लिपर विकत घ्यावे लागतील. कॅनव्हासचे दाजींचे आहेत. विचारायचे की नाही, ते सकाळी ठरवीन.

बुधवार, १२ मार्च.
स्लिपर तरंगल्या. मी नाही.

कॅनव्हासचे चांगले होते, पण त्यांचा निळा रंग उतरला आणि आजींच्या वर्गाने मास्तरांना बोलावले. दाजींना न विचारता घेतले होते. आता विचारणे बरे दिसणार नाही.

गमबुटांत पाणी भरले. शिडी चढता येईना. मास्तरांनी वरून ओढले, खालून दोन आजींनी ढकलले. एक म्हणाली, लावा गं जोर, नातवंड समजा. वर आल्यावर गमबूट उलटे केले. मास्तर म्हणाले, तळ्यातलं निम्मं पाणी हाच घरी नेतो.

ठरले. परीक्षा बुटांची, सराव बुटांचाच. मध्ये वेळ घालवला, हे माझे मूळ मत सोडल्यामुळे झाले.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळी.
जमले! बुटांत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, न थांबता. डोके वर, हात बरोबर, पाणी एकदाच प्यायलो. घरी येताना दोन वेळा चुकीच्या गल्लीत शिरलो, इतका आनंद.

ताईला सांगितले. तिने पिठाच्या हातांनीच गाल धरले. म्हणाली, मला माहीत होतं. मग दाजींना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली.

मंगळवार, १८ मार्च.
उजव्या बुटाचा पुढचा तळ झिजून आतला पुठ्ठा दिसू लागला. डावा नव्यासारखा. मोची म्हणाला, लंगडी खेळता का? म्हटले, पोहतो. त्याने बूट खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा उचलला आणि रबर मारले. हल्ली कंपन्या जोडीतल्या दोन बुटांनासुद्धा एकच चामडे वापरत नाहीत.

गुरुवार, २० मार्च.
लाल टोपीवाल्या आजींनी विचारले, बाळा, पोहताना तुझा उजवा पाय कुठे असतो रे? म्हटले, पाण्यात. त्या म्हणाल्या, पाण्यात तर असतोच, पण पाण्यात कुठे? बायकांना तंत्र कळत नाही.

मास्तर बाजूला घेऊन म्हणाले, तुझा पाय टेकतो. मी म्हटले, टेकत नाही, लागतो. त्यांनी खोल बाजूला चल म्हणून सांगितले. मी आज नको म्हटले, कारण जेवून आलो होतो.

आजी मात्र खोल बाजूला गेल्या. पंधरा दिवसांत शिकल्या. अर्थात अनवाणी. काय उपयोग?

रविवार, २३ मार्च.
ताईने गणवेशाला इस्त्री केली. मी नको म्हणत होतो, तिला आता उभे राहवत नाही. इस्त्री करता करता, माझ्याकडे न बघता तिने विचारले, तुला खरंच येतं ना रे? मी म्हटले, अगं, पंचवीस मीटर. ती म्हणाली, तेवढंच हवंय ना त्यांना? म्हटले, तेवढेच. मग तिने सांगितले की दाजी सुताराला कालच आणणार होते, खोलीत कपाट बसवायला. तिने त्यांना थोपवून धरले आहे. माझा भाऊ कायम होतोय, जरा थांबा, असे म्हणाली.

मला झोप चांगली लागली असती, पण उकडत होते.

बुधवार, २६ मार्च.
दोरवाला भेटला. धक्क्यावर बोटीचा दोर बांधतो तो. त्यानेही अर्ज केला आहे. म्हणाला, परवा पाणी गार असणार बघ, नदीचं. मी म्हटले, कुठल्या नदीचे? तो म्हणाला, हीच की, दुसरी कुठली आणणार?

बोर्डापाशी गेलो. वर माझी दीर्घ केलेली ‘परीक्षा’. खाली स्पष्ट अक्षरांत: धक्क्यावरून उडी, समोरच्या तरंगत्या पिंपापर्यंत पोहणे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, म्हणून तिकडे लक्ष गेले नसावे.

सारंगांना, म्हणजे आमच्या बोटीच्या मुख्य चालकांना, सहज विचारले की पाणी किती असेल. ते म्हणाले, चार माणसं एकावर एक उभी केली, तर वरच्याची टोपी कोरडी राहील. मग म्हणाले, का रे? म्हटले, सहज.

पाणी ते पाणी. उलट खोल पाण्यात तळ मध्ये येत नाही.

नाव मागे घ्यायला साहेबांच्या दारापर्यंत गेलो होतो. आत कुणीतरी बसले होते. व्यत्यय नको म्हणून परत आलो.

शुक्रवार, २८ मार्च. संध्याकाळी.
उडी उत्तम झाली. सारंगांनीही तसे म्हटले.

पुढचे मला नीट दिसले नाही. उजवा पाय सवयीने खाली गेला. खाली काही नव्हते. तो शोधत राहिला आणि मी त्याच्या मागोमाग गेलो.

सारंगांनी होडी ओढायच्या आकडीच्या बांबूने माझी कॉलर पकडली. दोरवाला पिंपापासून परत पोहत आला आणि त्याने पाय धरले. मला धक्क्यावर पालथे घातले. या सगळ्यात नऊची फेरी सुटली नाही, आणि पलीकडे ज्यांची गाडी होती ते लोक तिकिटाचे पैसे परत मागू लागले. साहेब म्हणाले, तिकिटं कुणी फाडली होती? यानेच ना? मग पैसेही हाच देईल, आणि पगारातून कापू.

म्हणून खिडकीत बसलो. ओल्या गणवेशात. नोटा ओल्या होऊ नयेत म्हणून हात लांब धरून देत होतो. रांगेतला प्रत्येक जण वाकून विचारत होता, तूच ना तो? मी हो म्हणत होतो. एका आजोबांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, राहू दे, आमचे वसूल झाले.

रांगेत शेवटी ताई होती. तिच्याकडे तिकीट नव्हते, टॉवेल होता. ती सकाळपासून धक्क्यावर उभी होती, मला माहीत नव्हते. तिने खिडकीतून टॉवेल आत दिला. मी म्हटले, पाणी जरा गार होते. ती म्हणाली, हो रे, असणारच.

शनिवार, २९ मार्च. दुपारी १.३०.
जागा दोरवाल्याला मिळाली. तो अनवाणीच राहतो, परीक्षेसाठी सारंगांचे बूट मागून आणले होते.

सुतार येऊन खोलीचे माप घेऊन गेला. मी फितीचे दुसरे टोक धरले. बोळात माझी गादी घालून पाहिली. लांबी पुरते, पण मग बाहेरचे दार उघडत नाही. दाजी म्हणाले, बघू काहीतरी. ते हसले नाहीत.

खर्च: बूट ४८०. तरणतलावाची फी ३००. साफसफाई जादा ६०. गमबूट १५०. स्लिपर ४०. मोची ५०. एकूण १०८०.
देणे: परत केलेल्या तिकिटांचे २४६, पगारातून. आकडीच्या बांबूला तडा गेला, त्याचे ९०. दाजींकडून उसने ६००. एकूण ९३६.
हाती: १८.
खोली एक तारखेला रिकामी करायची आहे. ती यात धरलेली नाही.