उलटं फिरून पाहिलंस का?

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोज लिहिणार. वही आणून वर्ष झालं, पण सुरुवातीला योग्य असा दिवस मिळत नव्हता. संकल्प: सहाला उठणे. अठ्ठावीसच्या आत पेपर पाठवणे. येत्या शनिवारी बाबांकडे जाणे. तिन्ही सोपे आहेत.

दहाला बाबांचा फोन. बाबा ताईकडे असतात, बसने पाच तास. चाळीस वर्षं जमिनींची मोजणी केली, आता फुप्फुसं साथ देत नाहीत. तरी दर रविवारी विचारणार, काम कुठवर आलं. घरात माझं काम समजणारा हा एकच माणूस. क्युबिटला, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरच्या सगळ्यात लहान घटकाला, एका गोलावरून फिरवून परत मूळ जागी आणायचं. दिसायला जिथल्या तिथे, पण आत एक कोन शिल्लक राहतो. किती वेळ लागला याच्याशी त्या कोनाला देणंघेणं नाही, फेऱ्याने किती जागा वेढली तेवढं तो बघतो. त्यामुळे घड्याळ जरा डळमळलं तरी गणित चुकत नाही. उद्याचे क्वांटम कॉम्प्युटर याच कोनावर उभे राहणार, आणि कोन माझा. बाबांना हे पहिल्या झटक्यात कळलं होतं. म्हणाले होते, शेताला फेरी मारून पहिल्या खुंटीशी यायचं, तसंच की.

आज म्हणाले, उलटं फिरून पाहिलंस का. उलट्या फेऱ्यात कोनाचं चिन्ह उलटायला हवं, अधिकचं उणे. मला माहीत आहे. अकरा वर्षं हेच करतोय. पण त्यांचं आपलं पालुपद, एका बाजूने केलेली मोजणी म्हणजे अंदाज.

३ फेब्रुवारी, सकाळी ७.५०
सहाचा गजर ऐकला. बंद करायला उठलो, म्हणजे उठलोच. पुढची झोप वेगळी धरायची.

लॅबमध्ये चष्मिस (माझी ज्युनिअर, हुशार, पण घाई फार) तेच म्हणाली. सर, उलटा फेरा घेऊ या. सांगितलं, योग्य वेळी. ही विद्या सावकाशीची आहे. घाईने फिरवलं की क्युबिट बिथरतो. ती म्हणाली, फार सावकाश फिरवलं तर तो वाटेतच मरतो, सर. तरुण पिढीला संयम नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
जाता आलं नाही. फ्रिज गरम झाला. आमचा फ्रिज म्हणजे अंतराळापेक्षा थंड, त्याला परत थंड व्हायला दोन दिवस लागतात आणि तेवढे दोन दिवस जवळ कोणीतरी हवं. चष्मिस म्हणाली, मी बसते. पण जबाबदारी माझी. ताई फोनवर फक्त बरं म्हणाली. ताई बरं म्हणाली की बरं नसतं.

९ फेब्रुवारी, रविवार
बाबा चार मिनिटं बोलले, मध्ये दोनदा थांबून. उलटं फिरून पाहिलंस का. म्हटलं, करतोय. मनात चालू आहे, म्हणजे खोटं नाही. येत्या शनिवारी नक्की.

१२ फेब्रुवारी
उलटा फेरा लावला. अर्ध्यात थांबवला, कारण इमारतीची लिफ्ट चालू झाली आणि कंपनं आली असणार. तोवरचे आकडे बघण्यात अर्थ नव्हता. तरी ओझरते दिसले. दिसले ते लिफ्टमुळेच.

लिफ्ट बंद ठेवण्याबद्दल अर्ज केला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
अर्जाचं उत्तर येईल म्हणून थांबलो. आलं नाही. शनिवारी ऑफिस बंद असतं हे लक्षात राहिलं नाही.

१९ फेब्रुवारी
साहेबांना आलेख दाखवला. उजवा फेरा, अठ्ठावीस वेळा, दर वेळी तोच कोन. साहेब खुर्चीतून उठले. अकरा वर्षांत पहिल्यांदा उठले. मग त्यांनीही विचारलं, उलट दिशेचं काय. मी म्हटलं, सुरुवातीची लक्षणं आशादायक आहेत. चष्मिस खिडकीबाहेर बघत होती. साहेबांनी पेपर परिषदेच्या यादीत घातला. आज आई असायला हवी होती, असं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
बॅग भरली. माळ्यावरून काढली, पुसली, चार कपडे, बाबांसाठी लोकरीचे मोजे. निघता निघता लॅबमध्ये डोकावलो तर फ्रिज वर्षातल्या सगळ्यात थंड आकड्यावर. अशा वेळी जाणं म्हणजे ताटावरून उठणं. ताईला मेसेज केला, पुढच्या शनिवारी. बॅग तशीच ठेवली, पुन्हा भरायचा त्रास नको.

दिवसभर उजवेच फेरे घेतले.

२३ फेब्रुवारी, रविवार
बाबांना बोलवत नाही. ताईने फोन त्यांच्या कानाशी धरला. नुसता श्वास ऐकू येत होता, करवतीसारखा. मग बोललो, "बाबा, उलटं फिरून पाहिलं. चिन्ह उलटलं. बरोबर निघालं."

मग पलीकडे काहीतरी खुसफुस झाली आणि ताई आली. म्हणाली, "बाबा म्हणतायत, मग आता मोकळा झालास. ये."

म्हणजे ते त्यासाठी थांबले होते. माझी मोजणी पुरी झाल्याशिवाय मला बोलवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, शनिवारी.

हे खोटं नाही. आधी सांगितलं इतकंच. या आठवड्यात करून टाकणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार
बाबा गेले. सकाळी अकराला. त्या वेळी मी केबल बदलत होतो. रीडिंग चालू नव्हतं.

२ मार्च, रविवार
ताईकडून परत आलो. फार लिहवत नाही. त्यांच्या खाटेखाली मोजणीची साखळी होती, तेल लावून गुंडाळलेली. मोजे ताईने ठेवून घेतले.

शेवटचे तीन दिवस बाबांना बोलायला त्रास होत होता, तरी जो भेटायला येईल त्याला ते एकच सांगत होते, असं ताई म्हणाली. डॉक्टरांना, शेजारच्या काकूंना, ऑक्सिजनची टाकी बदलायला येणाऱ्याला. आमच्याने उलटं फिरून पाहिलं, बरोबर निघालं. काकूंनी मला दारातच विचारलं, ते काय बरोबर निघालं हो? मी काहीतरी सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं.

दहा वाजता बसमध्ये होतो. फोन हातात धरून बसलो होतो, हे नंतर कळलं.

५ मार्च
आज केला. उलटा फेरा, पूर्ण, अठ्ठावीस वेळा. लिफ्ट दिवसभर चालू होती, काही फरक पडला नाही.

चिन्ह उलटलं नाही. उजवीकडून जेवढा कोन, डावीकडून तेवढाच, त्याच चिन्हाचा. म्हणजे वेढलेल्या जागेशी त्याचा काही संबंध नव्हता. क्युबिट तिथे ताटकळत राहिला, त्या वेळाचा तो कोन होता. मी आजवर जे मोजत आलो तो नुसता गेलेला वेळ होता.

बारा फेब्रुवारीलाही हेच दिसलं होतं. लिफ्टचा दोष नव्हता.

चष्मिसला सांगितलं. तिला बहुतेक ठाऊक होतं. ती चहा घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिली. मी तिला म्हटलं, तुझं बरोबर होतं. साहेबांना पत्र नेऊन दिलं, पेपर मागे घेतला. साहेब बसूनच होते.

९ मार्च, रविवार
गजर लावला नव्हता. पाचला जाग आली.

दहाला फोन लावला, बाबांच्याच नंबरवर. ताईने उचलला. तिला खरं सांगितलं. चुकीचं निघालं, आणि बाबांना सांगितलं तेव्हा मी पाहिलंच नव्हतं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी काही आता डॉक्टरांपासून काकूंपर्यंत सगळ्यांना सांगत फिरणार नाही. तू ये आणि तूच सांग."

विचारलं, कधी येऊ. ती म्हणाली, ते तूच ठरवत आलास. फोन ठेवला.

इथे शनिवार असं लिहिलं. मग वही शेवटून सुरुवातीकडे वाचत गेलो. जिथे तिथे शनिवार आहे. खोडलं. आजच जाणार. पावणेबाराची बस आहे, ताईकडून आल्यापासून बॅग उघडलेलीच नाही.

बाबा, मी यायला हवं होतं. फ्रिज थंडच राहिला असता.

लिहीत बसलो त्यात साडेअकरा झाले. स्टँड पंचवीस मिनिटांवर आहे. दोनची एक असते म्हणतात.