साहेबांची शेवटची सभा

प्रिय बयो,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. आधीच लिहून टाकतो, कारण बापाचं पत्र आलं की माणूस आधी वाईटच धरून चालतो. तुझ्या आईचा गुडघा आहे तसाच आहे, माझ्या गोळ्या चालू आहेत, मागच्या खोलीचा पत्रा गळतो तो गळतोच आहे. फोन करता आला असता, पण माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. सगळं आयुष्य सभा-लग्नांत लाउडस्पीकरच्या कर्ण्यांच्या शेजारी बसून गेलं, आता कान तरी किती पुरणार. मागच्या खेपेला तू नातीला ताप आल्याचं सांगत होतीस आणि मी इकडून ‘छान, छान’ म्हणत होतो. त्यावरून तुझ्या आईने मला आठवडाभर सोलून काढलं. शिवाय जे सांगायचं आहे ते तिच्यासमोर बोलता येण्यासारखं नाही. म्हणून दुकानात बसून लिहितो आहे. माझी शाळा लवकर सुटली, तेव्हा चुका असतील. जावयांना दाखवू नकोस. किंवा दाखव, ते हसायचे नाहीत.

खरं सांगायचं तर तुझ्या दादाचं ठीक नाही. ताप नाही, खोकला नाही, पण माणूस आतून बसल्यासारखा झाला आहे. तुम्हा भावंडांचं बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे, कुणामुळे बंद आहे तेही माहीत आहे. त्याची बाजू घेऊन लिहितो असं समजू नकोस. पण मला भीती वाटते, आणि ती बोलून दाखवायला मला दुसरं कोण आहे?

साहेबांची सत्ता गेली, हे तू टीव्हीवर पाहिलंच असशील. हरल्यावरही खुर्ची सोडणार नाही म्हणत होते, मग एक दिवस सोडली. आपल्या रस्त्यावर तर आता असं झालं आहे की त्यांना मत दिलेला एकही माणूस सापडत नाही. कोपऱ्यावरचा चहावाला सांगतो, आपण कधीच त्यांच्यातले नव्हतो. तुमच्या नदीपलीकडच्या वस्तीतली माणसं दिसली की हाच चहा संपला म्हणून कपबशा पालथ्या घालायचा, आता लांबूनच हाक मारून बोलावतो. समोरच्या शिंप्याने साहेबांच्या टोप्यांचं उरलेलं कापड उशांच्या आत भरून विकायला काढलं आहे. निवृत्त हेडमास्तर तर पहिल्यापासून विरोधातच होते म्हणे. अगं, विजयाच्या मिरवणुकीत माझ्या कर्ण्यापुढे धोतर सावरत नाचत होते, या डोळ्यांनी बघितलंय मी! तुझी आई म्हणाली, ‘कुणीच मत दिलं नाही, मग त्याला निवडून काय भुतांनी दिलं?’ मी हसलो, पण हसताना दादाकडे बघितलं आणि हसणं आवरतं घेतलं. कारण या सगळ्या रस्त्यात ‘हो, मी दिलं होतं’ म्हणणारा तो एकटाच आहे. आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

साहेबांची निरोपाची सभा मोठ्या मैदानात झाली. दादाने आवाज फुकट लावला. मी नको म्हणालो नाही, म्हणूनही काही उपयोग नव्हता. सकाळपासून वायरी ओढत होता, एकेक कर्णा स्वतः खांबावर चढून बांधला. मीही गेलो होतो, घरी बसून जीव लागेना. खांबावरून पडला तर, मशीन तापलं तर, गर्दी उलटली तर, मला काय, काळजीला कारण लागत नाही. गर्दी पूर्वीच्या मानाने अर्धीच. काही जण नुसती मजा बघायला आले होते, शेंगा खात. पण पुढे बसलेली माणसं रडत होती, बयो. एका बाईने आपलं पोर डोक्यावर उचलून धरलं होतं, साहेबांनी एकदा बघावं म्हणून. मला भाषण धड ऐकू येत नव्हतं. मी माणसांचे चेहरे बघत होतो.

आता नीट वाच. आपल्या धंद्याची एक शिस्त आहे, ती मीच त्याला शिकवली. बोलणारा माणूस स्टेजवरून उतरायला लागला की पहिल्यांदा मैदानातला आवाज बंद करायचा, आणि मग जाऊन त्याच्या सदऱ्याचा माइक काढून घ्यायचा. कारण खाली उतरल्यावर माणूस काय बोलेल त्याचा नेम नसतो. मागे एका सभेत असाच कुणी उतरता उतरता बायकोला शिव्या देत होता आणि त्या सगळ्या गावाने ऐकल्या. दादाने शिस्तीप्रमाणे मैदान बंद केलं. पण त्याच्या स्वतःच्या कानांवर हेडफोन होता, आणि काढून घ्यायला जाईपर्यंत माइक साहेबांच्या सदऱ्यावर तसाच चालू होता. स्टेजच्या मागे साहेबांना भेटायला कोण आलं होतं माहीत आहे? ज्याला ते इतकी वर्षं गद्दार, देश विकणारा म्हणत आले, तोच विरोधातला पुढारी. दोघे गळ्यात गळे घालून हसत होते. मैदानातली माणसं डोळे पुसत घराकडे निघाली होती आणि तुझा दादा मशीनपाशी एकटा बसून ते ऐकत होता. हलगर्जीपणा केला असता तर सगळ्या मैदानाने ऐकलं असतं आणि त्याचा भार सगळ्यांत वाटला गेला असता. काम चोख केलं, म्हणून ते त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलं.

त्याने मला हे लगेच सांगितलं नाही. सामान आणलं, दुकानात टाकलं, वायरी गुंडाळल्यासुद्धा नाहीत. ज्याला वायरीचा एक पीळ चुकलेला खपायचा नाही तो माणूस! मी समजलो, साहेब गेल्याचं दुःख आहे, उतरेल. दोन-तीन दिवसांनी जेवायला बसलो असताना तो काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, ‘काय?’ त्याने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा ‘काय?’ बयो, तेव्हा मला माझ्या या कानांचा असा राग आला! त्याला हळू आवाजात सांगायचं होतं आणि माझ्यापायी त्याला ओरडून सांगावं लागलं. त्या दुसऱ्याने साहेबांना विचारलं होतं, ‘त्या नदीपलीकडच्या लोकांचा तुम्हाला खरंच एवढा राग आहे का हो?’ आणि साहेब म्हणाले होते, ‘राग कसला? बिचारी साधी माणसं. पण सभा थंड पडली की बोट दाखवायला कुणीतरी लागतं ना!’ आणि मग जेवायला उशीर होतोय म्हणाले.

हे त्याने घरात मोठ्याने ओरडून सांगितलं. तुझी आई स्वयंपाकघरात होती. ती हातातली परात तशीच घेऊन बाहेर आली, आणि एवढंच म्हणाली, ‘तेवढ्यासाठी माझी लेक घालवलीस?’ तो ताटावरून उठला. मी तिला रागावणार होतो, पण कोणत्या तोंडाने?

नदीपलीकडची म्हणजे तुमचीच वस्ती. तुझं लग्न तिथल्या मुलाशी झालं तेव्हा दादानेच पुढे होऊन सगळं केलं होतं, आठवतं? जावई दवाखान्यात औषधं देतात, हुशार आहेत, आपल्या मुलीला जपतील, असं मला त्यानेच समजावलं. तेव्हा साहेब कुठे होते? नंतर आले. मग हळूहळू दादाच्या बोलण्यात ‘तुमच्यातले’ आणि ‘आपल्यातले’ यायला लागलं. जावई घरी आले की हा दुकानात काम काढायचा. आणि मग नदीच्या पुलापाशी ती सभा झाली. कर्णे तुमच्या वस्तीकडे तोंड करून बांधले होते. साहेब काय बोलले ते मी इथे लिहीत नाही, तू घरात बसून ऐकलंस. तू दुसऱ्या दिवशी आलीस आणि म्हणालीस, ‘बोलले ते साहेब, पण त्याच्या आधी माइकवर हॅलो हॅलो करणारा आवाज माझ्या भावाचा होता. माझ्या पोरीने ओळखला. मामा आला म्हणून टाळ्या वाजवल्या तिने.’ दादा म्हणाला, धंदा आहे. तू म्हणालीस, धंद्याला कर्णे फुकट लावतात का? मग तो नको ते बोलला. त्यानंतर तू आली नाहीस. मी अधूनमधून त्याला म्हणायचो, एकदा जाऊन ये. तो म्हणायचा, बघू. साहेब खरं बोलत असले तरच तो खरा होता ना. ते खोटे निघाले असते तर मग बहीण कशासाठी गेली, याचं उत्तर त्याला द्यावं लागलं असतं. म्हणून तो अजूनच घट्ट धरून बसला, असं मला वाटतं. मी शिकलेला नाही, चुकत असेन.

ते ओरडून सांगितल्यापासून तो दुकान उघडतो आणि नुसता बसतो. लग्नाचं बोलावणं घेऊन माणसं आली तर मशीन बिघडलंय म्हणून परत पाठवली. मी तो नसताना लावून बघितलं, मशीनला काहीही झालेलं नाही. चहावाला त्याला चिडवतो, ‘काय आवाजवाले, साहेब जेवायला बोलावतात की नाही?’ एरवी दादाने त्याची गचांडी धरली असती. आता नुसता मान खाली घालतो. रस्त्यातली माणसं सुटली बघ, त्यांनी काल एक म्हटलं, आज दुसरं म्हणतात, रात्री झोपतात. याला ते जमत नाही. हे चांगलं की वाईट तेही मला कळत नाही. दाढी वाढली आहे. मी उगीच काहीतरी निमित्त काढून पंधरा-वीस मिनिटांनी दुकानात डोकावतो. तो म्हणतो, बाबा, मी काही करून घेणार नाही, जा तुम्ही. असं म्हटल्यावर तर मला जाववतच नाही.

गेल्या मंगळवारी मात्र तो सकाळी उठून दाढी करून, धुतलेला सदरा घालून बाहेर पडला. सुट्टे भाग आणायला जातो म्हणाला. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दुपारी परत आला तो रिकाम्या हातांनी. दुकानात मला खुर्चीवर बसवलं, मशीन लावलं, माझ्या कानांवर हेडफोन घातला आणि स्वतः माइक हातात घेऊन, माझ्याकडे पाठ करून, अगदी हळू बोलायला लागला. मला ओरडायला लावू नका, म्हणाला. किती वर्षांनी मला माणसाचा असा जवळचा आवाज ऐकू आला. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आणि तो रडतो आहे हेही. पाठ करून काय उपयोग होता?

तो तुझ्याकडे आला होता, बयो. तुझ्या जिन्यापर्यंत, दारापर्यंत आला. त्याने दार वाजवलं. आतून तू विचारलंस, ‘कोण आहे?’ आणि त्याला तोंडच उघडता येईना. इतकी वर्षं माइकवर बोलणारा माणूस, पण ‘मी’ एवढंही म्हणता येईना. तू पुन्हा विचारलंस. मग आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, कपाट की टेबल, दाराला लावल्याचा. आणि तू नातीला म्हणालीस, ‘आतल्या खोलीत जा, आवाज करू नको.’ ते ऐकून तो जिना उतरला. मला म्हणाला, ‘बाबा, ती मला घाबरली. मी आहे हे तिला माहीतसुद्धा नव्हतं, आणि तरी ती मलाच घाबरली.’ तुझ्या आईला सांगू नका म्हणाला, आणि मी सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढे एकच येतं, की तू अजून रोज दाराला कपाट लावत असशील. जावई कामावर गेले की नातीला आतल्या खोलीत बसवत असशील, जिन्यात पाय वाजला की दाराला कान लावत असशील. त्याला माफ कर असं मागायला मी हे लिहीत नाही, तो तुमचा तुम्ही हिशेब बघा. तू ये असंही म्हणत नाही. हे पत्र फक्त एवढ्यासाठी लिहिलं की मंगळवारी दारावर येऊन न बोलता निघून गेला तो कुणी परका नव्हता, पोरी. कुणी मारायला आलं नव्हतं. तो तुझा दादा होता. कपाट जागेवर ने, आणि भिऊ नकोस.

तुझाच,
बाबा