सुधीरच्या नावाचा पत्ता

८ जानेवारी २००६, रविवार
आडनावाचं डोमेन अखेर आपलं झालं. माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना पेन्टियम पुसून घेतला, त्यावर लिनक्स चढवलं. आता तोच आमचा मेल-सर्व्हर. आमच्या आडनावाच्या पत्त्यावर कुणी मेल टाकली की आधी या डब्यात येणार आणि इथून ज्याच्या त्याच्या फुकटच्या मेलबॉक्सात पुढे जाणार. अण्णा चष्मा लावून बघायला आले. पेठच्या डोंगरात सगळी नोकरी पोस्टमन म्हणून काढलेला माणूस. म्हणाले, "एवढ्याशा डब्यात सॉर्टिंग होतं?" स्वारी खूश दिसली.
दुकानासाठी केलं असं सगळ्यांना सांगितलंय. खरं कारण धाकटा भाऊ सुधीर. कॉम्प्युटरवाला आहे, कधीतरी आपलं आडनाव टाईप करून बघेलच.

१० जाने.
आईने ओळखलंच. पोळी वाढताना हळूच, "धाकट्यासाठी करतोयस ना?" हो म्हणालो. अण्णांसमोर सु.चं नाव निघत नाही. पोस्टाच्या परीक्षेला त्यांनीच बसवलं होतं. पास झाला, नोकरीला चिकटला, आणि वर्षभरात राजीनामा देऊन बंगलोरला. निघताना अण्णा ओरडले, "गेलास तर पत्रसुद्धा टाकू नकोस." एरवी कधी ऐकलं नाही त्याने, हे मात्र अक्षरशः पाळलं. चार वर्षं एक ओळ नाही. जुना फोन नंबर बंद. मित्रांना विचारलं तर एक म्हणतो पुण्यात, एक म्हणतो परदेशात.

१५ जाने., रवि.
पत्ते घालत होतो: अण्णा, आई, मी म्हणजे नंदू, दुकान. अण्णा शेजारी.
"आणि नाव चुकलं तर?"
"परत जाते. असा कुणी इथे नाही, असं आपोआप उत्तर जातं."
भडकलेच. नुसतं 'रामा, पाण्याच्या टाकीमागे' एवढंच लिहिलेलं पत्र पाड्यावर नेऊन दिलंय म्हणे त्यांनी. "माझ्या बीटमधून पत्र परत गेलं नाही. तुझ्या डब्यातून का जावं? येईल ते घ्यायचं." मग पडद्याकडे बघत, एकदम हळू आवाजात, "माणूस कुठल्या नावाने लिहील, काय सांगावं."
म्हणजे तेही वाट बघतायत! कुठल्याही नावाने येवो, घ्यायचं आणि माझ्या मेलबॉक्सात पाठवायचं, असा नियम घालून टाकला. हे करू नये असं जाणकार सांगतात. पण अण्णांना नाही कोण म्हणणार.

२४ जाने.
जाणकारांचं खरं होतं. औषधं, घड्याळं, लॉटऱ्या. कुठली कुठली नावं बनवून कचरा येतोय आणि आमचा डबा इमानेइतबारे सगळा पुढे पाठवतोय. सु.चं काही नाही. दुपारी भारनियमन, तेवढाच डब्याला आराम.

३० जाने.
व्हायचं ते झालं. फुकटवाल्या मेल-कंपनीने आमचा सर्व्हर काळ्या यादीत टाकला. आमच्याकडून कचरा येतो म्हणे. भदाण्यांची मेलही याच डब्यातून जाते. सटाण्याचे कांद्याचे व्यापारी, माझ्या भरवशावर पाट्यांवर नवा पत्ता रंगवून बसलेले. फोनवर एकच, "नंदूभाऊ, मनी मेल कोठे शे?"
संध्याकाळी विचार करत बसलो. कचरा आम्ही लिहिला नाही, नुसता पुढे दिला. पण पलीकडच्याला काय दिसतं? कुणी आणून दिलं एवढंच. त्यांचंही चूक नाही.

१ फेब्रु.
नियम काढून टाकला. पुन्हा चारच नावं, शिवाय भदाण्यांचं. अण्णांना बोललो नाही. जेवताना रोजच्यासारखं, "आलं का काही?" "नाही" म्हणालो. ते खरंच होतं, तरी मान वर करवेना.

७ फेब्रु.
काळ्या यादीतून सुटलो. भदाणे स्वतः आले, कांद्याचं पोतं ठेवून गेले. नको म्हटलं तर रागावले. दुकानभर वास.

१२ फेब्रु., रवि.
सर्व्हर प्रत्येक मेलची एक ओळ लिहून ठेवतो: कुणी पाठवली, कुणाला, घेतली की परत केली. भदाण्यांचं सगळं नीट जातंय ना म्हणून सहज वाचत होतो. परत केलेल्यांत ४ तारखेची एक ओळ. पाठवणाऱ्याचा पत्ता बंगलोरच्या एका कंपनीचा, त्यात आमचं आडनाव. आणि मेल कुणाला? सुधीरला. आमच्याच डोमेनवर, सुधीर या नावाने.
त्याने स्वतःच्याच नावाने टाकून बघितली होती. आणि आमच्या सर्व्हरने उत्तर दिलं: असा कुणी इथे नाही.
तो कुणाकुणाला लिहील, त्या सगळ्यांची नावं मी घातली. त्याचं घालायचं ना मला सुचलं, ना अण्णांना, ना आईला. दुकान बंद करून घरी आलो. जेवलो नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

१३ फेब्रु.
अण्णांना सगळं सांगितलं. नियम काढल्याचंही. आता आभाळ कोसळणार म्हणून तयारीत होतो. अण्णा एवढंच म्हणाले, "घरात आपलं नाव आहे का, ते बघत होता तो."
मी म्हणालो, "नियम काढायलाच नको होता."
"नाही रे. ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. हा घरातलाच ना? याचं नाव पहिल्या दिवशीच घालायला हवं होतं."
आई आतून तडक बाहेर आली. "मग बसलात काय? लिहा त्याला."
"मीच सांगितलं होतं, पत्र टाकू नकोस. म्हणजे आता मीच..." टोपी घालून फिरायला गेले.

१५ फेब्रु.
सुधीर हे नाव घातलं. त्यावर येईल ते त्याच्या बंगलोरच्या पत्त्यावर जाईल. अण्णा सकाळीच दुकानात हजर, दाढीबिढी करून. बंगलोरला थेट नको म्हणाले, घरच्याच नावावर टाक, म्हणजे नाव घातलेलं त्याला दिसेल. ते सांगत होते, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करत होतो.
"चि. सुधीर यास अनेक आशीर्वाद." इथेच अडले. गिऱ्हाईक येऊन गेलं तरी तिथेच. मग एका दमात, "घरी तुझ्या नावाचा पत्ता चालू केला आहे. आधीच करायला हवा होता. चूक माझी. पत्र टाकत जा."
पाठवली. बंगलोरच्या सर्व्हरने घेतली, तशी ओळ उमटली. अण्णांना दाखवली.
"म्हणजे त्याच्या हातात पडलं?"
"कंपनीच्या दारात पडलं. पुढचं आपल्याला दिसत नाही."
"मी हातात द्यायचो," पुटपुटले.

२६ फेब्रु., रवि.
काही नाही. नोकरी बदलली असेल. कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पडली असेल. वाचलीही असेल आणि... अण्णा रोज दुकानात येतात, ओळी वाचायला शिकलेत. आज वाटलं आता चिडणार, 'मी लिहिलं तरी साहेबांना वेळ नाही' म्हणणार. सगळं वाचून झालं, चष्मा पुसला, खुर्ची माझ्याजवळ ओढली.
"घे, लिही. चि. सुधीर यास. आईच्या गुडघ्याचं मागच्या वेळी लिहायचं राहिलं."