फाळाचे पाणी दिलेला आकडा

मी, सिताराम लिंबाजी वाव्हळे, वय वर्षे ६३, धर्म बौद्ध, धंदा जीप भाड्याने चालवणे, राहणार पालम, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना करून ठेवतो. छातीत अधूनमधून दुखते, पण डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर, पत्र्याची शेड आणि पोस्टातली शिल्लक पत्नी सगुणाबाई हिला. मुलगा पंडित पूर्णेला रेल्वेत कारकून आहे. घरात हिस्सा नको, असे त्यानेच मला सांगितले.

२. जीप मी १९६६ साली लष्करी लिलावात घेतली, तेव्हा तिला टप नव्हता, मागे बाकडे नव्हते. परभणीच्या दुकानातले भाव ऐकून आलो आणि सगळे घरीच करायचे ठरवले. टप जिनिंगच्या टाकाऊ ताडपत्रीचा शिवला. चिखलात चाकांना गुंडाळायच्या साखळ्या जनावरे बांधायच्या साखळ्या जोडून केल्या. वरचा कॅरियर सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या लोखंडी खाटेचा आहे. खाटेबद्दल सगुणाबाईने मला अजून माफ केलेले नाही. हे सामान जीपसोबतच राहावे, सुटे विकू नये.

३. भाता, ऐरण व हातोडे पंडितला. हात काळे करणे त्याला जमणार नाही, तेव्हा ते रंगनाथ लोहाराला दिले तरी चालतील. मात्र रंगनाथ माझ्या कॅरियरला तिरडी म्हणाला होता. त्याला दोन चकरा मारायला लावून मगच द्यावेत.

४. जीप रुतली तर ओढून काढायला पुढे आकडा हवा होता. तोही मी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घरीच ठोकला आणि लालभडक असताना पाण्यात बुडवला. नांगराच्या फाळाला असेच पाणी देतात, म्हणजे तो कडक होतो. भाता ओढायला माझा मेहुणा सटवाजी होता. जीप तोच चालवायचा. तो म्हणाला, "दाजी, फाळाला पानी चालतंय, आकड्याला नगं. लय कडक व्हईल अन् तुटंल." मी ऐकले नाही.

ऑगस्ट १९७१ मध्ये, पेशंट दवाखान्यात सोडून येताना, जीप काळ्या मातीत आसापर्यंत रुतली. ट्रॅक्टरने साखळी लावून ओढताना आकडा तुटला आणि साखळी उसळून सटवाजीच्या उजव्या डोळ्यावर बसली. डोळा गेला. मी तिथेच सगळ्यांना सांगितले की सटवाजीने साखळी तिरकी अडकवली. लोकांनी मान्य केले, सगुणाबाईनेही केले. तिने भावाला घरात बोल लावला, तेव्हापासून तो आमच्याकडे आलेला नाही. सध्या सेलूला एका जिनिंगमध्ये राखण करतो.

त्याच संध्याकाळी मी तुटका तुकडा धुऊन पाहिला होता. आत साखरेसारखा दाणा होता. लोखंड पाण्याने ठिसूळ झाले होते, साखळी सरळ होती. तुकडा मी ट्रंकेत घातला आणि गप्प राहिलो. मला त्याची लाज वाटते.

५. जीप सामानासह सटवाजीला. त्याने ड्रायव्हर ठेवावा, मालक म्हणून स्वतः शेजारी बसावे. माझ्या मृत्यूनंतर कलम ४ पालमच्या जीपस्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांसमोर मोठ्याने वाचावे आणि तुटका आकडा सटवाजीच्या हातात द्यावा.

वरील मजकूर काल विष्णुपंत जोशी गुरुजींनी माझ्या सांगण्यावरून लिहिला व सर्वांसमोर वाचून दाखवला. पत्नीचा संमतीचा अंगठा घ्यायचा होता, तो घेता आला नाही. कलम ५ ऐकून ती उठली, ट्रंक उघडली आणि म्हणाली, "माजा भाऊ सात वरीस मान खाली घालून हिंडायलाय. आता तुमच्या मरनाची वाट बघत बसू का मी?" आकडा पदरात बांधून ती पहिल्या एसटीने सेलूला गेली. अद्याप परतलेली नाही.

साक्षीदार:
१. रंगनाथ भुजंग पांचाळ, लोहार, पालम. (कलम ३ ऐकूनही सही केली.)
२. विष्णुपंत गोविंद जोशी, निवृत्त शिक्षक, पालम.

स्थळ: पालम. दिनांक: ८ मार्च १९७८.

खाडाखोडीची नोंद: कलम ५ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द आज सकाळी मी स्वतः खोडले आहेत. स्टँडवर कलम ४ मीच वाचीन.

(सही) सिताराम लिंबाजी वाव्हळे