दिवाळीच्या सुट्टीतलं शहर

बमरोली, सुरत
३ ऑक्टोबर १९९६

ती. उषाताईस,
जयश्रीचा सा. न. वि. वि.

दिवाळीत लूमचे कारखाने बारा दिवस बंद राहणार. चेतन म्हणतात, आपण दोघंच कुठंतरी जाऊ. पानवाल्याच्या कॅलेंडरवर उदयपूरचा तलाव पाहिल्यापासून त्यांना तेच शहर हवंय. ताई, मला तलाव नको नि समुद्र नको, आतून कडी लागणारी खोली हवी. इथं एका खोलीत आम्ही पाच जण. हे रात्रपाळीला, मी दिवसभर साड्यांना टिकल्या लावते. लग्नाला दीड वर्ष झालं, तरी बातमी का नाही म्हणून सासूबाई रोज विचारतात. दिवाळीपर्यंत काही नसलं तर मला माहेरी सोडून येणार म्हणतात. कुठलं शहर सांगू? मला भीती वाटते.

लोभ आहे, तो लवकर उत्तर पाठवून दाखव.
तुझी जयू

अमळनेर
१२ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. जयूस,
अनेक आशीर्वाद.

एवढं सोसलंस आणि मला आज सांगतेस? आधी तुझा कान धरायला हवा. उदयपूरचं नाव काढलंस तर तुझ्या सासूबाई घर डोक्यावर घेतील. नाशिक सांग. लग्नानंतर वणीच्या गडावर जोडीनं देवीची ओटी भरायची तुमची राहिलीच आहे. त्याला कोण नाही म्हणेल? एक दिवस गड, बाकीचे दिवस नाशिक. जावईबापूंना म्हणावं, गोदावरीतही पाणीच असतं, तलावाची हौस तिथं भागवा.

आईला यातलं काही कळवलेलं नाही. जिवाला जप.
तुझी ताई

बमरोली
२ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं नाशिक अंगाशी आलं. देवीचं नाव ऐकताच सासूबाईंनी हात जोडले आणि मी बी येसू म्हणाल्या. मग दीर, नणंद, शेजारचे चिंधाकाका, सगळेच तयार झाले. सात तारखेला रेल्वेनं गावी, तिथून गडावर. त्यात सुट्टीभर कारखाना राखायला शेठनं नेमकं चेतनना थांबवलं. म्हणजे जोडीतली मी एकटीच! सासूबाईंनी माझ्या सगळ्या साड्या बांधायला लावल्यात. गडावर सगळ्या कशाला, हे विचारायचा धीर होत नाही. चेतन गप्प आहेत, त्याचा मला फार राग येतो. गाडी अमळनेरला थांबेल, तू स्टेशनवर ये.

ये गं, एवढंच मागणं.
जयू

बमरोली
९ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू स्टेशनवर वाट बघून परत गेली असशील, माफ कर. परवा चेतन आम्हाला गाडीत बसवून द्यायला आले होते. गाडी सुटायच्या बेतात असताना त्यांनी माझं गाठोडं ओढलं, माझा हात धरला आणि भरल्या डब्यात आईला सांगितलं, ही कुठं जायची नाही, मूल होवो न होवो. आम्ही उतरलो नि गाडी सासूबाईंना घेऊन सुटली. परत आल्यावर त्या काय करतील, देव जाणे.

शहर सुरतच ठरलं म्हण. सगळी चाळ गावी गेलीय. चेतन कारखान्याचं कुलूप बघून येतात, बाकी वेळ आम्ही दोघंच. लूमच्या खडखडाटामुळे त्यांना ओरडून बोलायची सवय. दीड वर्ष मी तेवढंच ऐकलं. काल जेवताना त्यांनी अगदी हळू विचारलं, तुला भाजी कुठली आवडते. ताई, मला सांगताच येईना, मी नुसती रडत बसले.

माया आहेच, ती असू दे.
तुझी जयू